उजवा रेणू

मिरजेच्या श्वसन-संशोधन केंद्रातली माणसं सोडली तर सगळं शहर शिंकत होतं. गाजरगवत आता बारमाही झालं होतं. चौकाचौकांतले परागफलक हवेतल्या परागांची पातळी दाखवत. लोक फलक बघत आणि रुमाल काढत.

केंद्राचा ‘सलोखा’ हा नाकात मारायचा फवारा बाजारात आला, त्या सकाळी डॉ. हेमांगी तुळपुळे प्रयोगशाळेत वर्तमानपत्र घेऊन बसली होती. पहिल्या पानावर संचालक डॉ. बिडवे हसत होते. सरांनी उमेदीची सगळी वर्षं याच खोलीत घालवून हे औषध शोधलं, असं बातमीत होतं. औषध प्रत्यक्षात शोधणाऱ्या हेमांगीचं नाव शेवटी आभारात होतं, कॅन्टीनच्या जोडीला.

“कॅन्टीनच्या आधी घातलंय, एवढं मान,” सहकारी डॉ. फरीदा मुजावर म्हणाली.

“या खोलीत एकदा तरी पाय ठेवलाय का गं त्यांनी?”

“बुरशीचा वास येतो म्हणतात. सरांचं नाक नाजूक.”

बुरशी होतीच. ज्वारीच्या भिजवलेल्या भरड्यावर वाढणारी निळसर बुरशी. हेमांगीने स्वतः संकर करून काढलेली. जगात दुसरीकडे कुठेही नसलेली. औषधाचा रेणू तिच्यातूनच मिळे. तिचे बीजाणू हेमांगीच्या एप्रनवर असत, केसांत असत, डब्यातल्या पोळीवरही असत.

हेमांगीची नजर शीतकपाटातल्या एका बाटलीकडे गेली. फरीदाने ती पकडली.

“तो उजवा रेणू फेकून दे म्हटलं होतं ना तुला?”

“डावा आणि उजवा, दोघे आरशातले भाऊ,” हेमांगी म्हणाली. “दोघंही शरीराच्या पहारेकरी पेशींची ओळखखिडकी उघडतात. घटकाभरच. त्या वेळात नाकात जे असेल त्याला डावा मित्र ठरवतो. म्हणून तर गाजरगवत हुंगत सलोखा मारायचा.”

“आणि उजवा शत्रू ठरवतो. आठवडाभरात वैर पिकतं, मग जन्मभर शिंका. म्हणूनच म्हणते, फेक. तसाही तो अर्धवट आहे. वैर मिटवता येतं, पण शरीराची जुनी ओळख मोडता येत नाही. वर्षानुवर्षं नाकात जात आलेल्या गोष्टीला पहारेकरी शत्रू मानतच नाहीत. उंदरांवर तूच दाखवलंस.”

हेमांगी ऐकत नव्हती. ती बिडव्यांच्या फोटोतल्या हाराकडे बघत होती. हा माणूस कशावर जगतो, याचा हिशेब तिने केव्हाच मांडला होता. पगारावर नाही, विज्ञानावर तर नाहीच, सत्कारांवर. शाल, नारळ आणि झेंडूचा हार. हार दिसला की त्यांची मान आपोआप वाकायची. त्या मानेला झेंडूचंच वावडं जडलं तर? जन्मभराचे सत्कार गेले.

दुपारी ती झेंडूचा घसघशीत हार घेऊन, प्रयोगशाळेतून तशीच एप्रनवर, त्यांच्या दालनात गेली.

“अभिनंदन, सर.”

मान वाकली. “तुळपुळे, तुमच्यासारखी साहाय्यक मिळायला भाग्य लागतं बरं का! जरा नाक चोंदलंय. आपला फवारा आणलाय का?”

“आणलाय ना, सर.” तिने उजव्याची बाटली पुढे केली. “हार काढू नका. शोभून दिसतोय.”

घटकाभर ती त्यांच्या खुर्चीशेजारीच उभी राहून गोड बोलत राहिली.

पुढच्या आठवड्यात नाट्यगृहात राज्य विज्ञान समितीचा सन्मान सोहळा झाला. अध्यक्षस्थानी वयोवृद्ध डॉ. अनसूया रणपिसे होत्या. ॲलर्जीच्या अभ्यासात त्यांचा शब्द शेवटचा. बिडव्यांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. मागच्या रांगेत हेमांगीने श्वास रोखला.

बिडव्यांनी हार खोल हुंगला आणि ते प्रसन्न हसले.

कुठे माशी शिंकली, हेमांगीला कळेना. तिने शेजारी बसलेल्या फरीदाच्या कानात सगळं सांगितलं. फरीदाने आधी कपाळाला हात लावला, मग तोंडाला पदर.

“अगं बये, त्या मानेत हार पडून पडून घट्टा पडलाय! झेंडू त्यांच्या नाकाचा सोयरा झालाय. तुझाच नियम विसरलीस?”

रागात माणूस आधी स्वतःचेच नियम विसरतो. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. मंचावर बिडवे तिच्याच टिपणांतून तिचाच नियम समजावत होते, “लक्षात घ्या, वर्षानुवर्षांची ओळख असलेल्या गोष्टीचं वैर कधीच जडवता येत नाही!”

टाळ्या झाल्या. मग त्यांनी समारंभासाठी आणलेल्या काचपात्रावरचं झाकण उचललं. “आणि हीच ती बुरशी. हिच्या सहवासात माझं आयुष्य गेलं.” छायाचित्रासाठी ते तिच्यावर वाकले.

पहिली शिंक ध्वनिक्षेपकात फुटली. दुसरीत चष्मा गेला. मग मोजण्याची सोय राहिली नाही.

रणपिसेबाई उठल्या. त्यांनी झाकण लावलं आणि पात्र दूर नेलं. काही वेळाने शिंका थांबल्या. बाई परत आल्या, झाकण उचललं. शिंका सुरू. सभागृहात खसखस पिकली.

“बिडवे,” बाई शांतपणे म्हणाल्या, “आत्ताच तुम्ही सांगितलेला नियम खरा असेल, तर तुमच्या नाकाला ही बुरशी नवखी आहे. प्रयोगशाळेत आयुष्य घालवलंत ते कोणाचं नाक लावून?”

आता हेमांगीला उमगलं. त्या दुपारी त्यांच्या नाकाला हार ओळखीचा होता. नवखे होते ते तिच्या एप्रनवरचे बीजाणू.

“दुसरं,” बाई म्हणाल्या, “जगात दुसरीकडे नसलेल्या, कधी न हुंगलेल्या बुरशीचं असं वैर आपोआप जडत नाही. कोणीतरी औषधाचा उलटा, आरशातला रेणू करून तुम्हाला दिलाय. तो करायला सरळ रेणू मुळापासून माहीत लागतो. ज्याने उलटा केला, त्यानेच औषध शोधलं. आणि दिला तुम्हाला न सांगता असेल, तर तो गुन्हेगारही. कोण तो?”

बिडव्यांनी नाक पुसलं. बुडत्याला काडी दिसली. “मीच, बाई! स्वतःवर प्रयोग केला. उलटा रेणूही माझाच.”

मग पुढच्या रांगेतून टाळ्या आल्या. स्वतःच्या देहावर प्रयोग म्हणजे केवढा त्याग!

फरीदाने हेमांगीचं मनगट घट्ट धरलं. “सुटलीस! गुन्हा त्यानेच अंगावर घेतला. आता गप बस. नोकरी राहील, तुरुंग टळेल.”

“औषध नेलं,” हेमांगी म्हणाली. “आता माझा सूडसुद्धा नेतोय.”

ती उठली. सकाळी प्रयोगशाळेतून निघून ती थेट इथे आली होती; केस तसेच होते. ती मंचाच्या पायऱ्या चढली आणि बिडव्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“उलटा रेणू माझा आहे. यांना न सांगता मीच दिला. नाव लिहून घ्या, बाई, हेमांगी तुळपुळे. पोलिसांना द्यायचं असेल तर त्यांनाही हेच द्या. पण औषधावरही हेच लागेल.”

बिडव्यांनी ‘खोटं’ म्हणायला तोंड उघडलं. हेमांगी केस सारखे करत एक पाऊल आणखी जवळ सरकली.

तो शब्द त्यांना शेवटपर्यंत म्हणता आला नाही.