काठावर कोणी नसताना

उकंडा हे काही प्रेमकथेतल्या नायकाचं नाव नव्हे. पण आधीची दोन लेकरं दगावली म्हणून आईनं याला जन्मताच उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवून उचललं, त्याला तो बिचारा काय करणार? कोकिळाला मात्र ते नाव पहिल्या दिवसापासून गोड लागलं. त्या दिवशी वडनेरच्या विहिरीत तिची घागर पडली आणि एका पोरानं धाडकन आत उडी टाकली. किती तरी वेळ तो वर आलाच नाही. तिचा जीव टांगणीला लागला... मग आधी घागर वर आली आणि मागून एक हसरं तोंड.

"पडली का पाडली?" त्यानं विचारलं.

"पाडाचीच असती तं मातीची पाडली असती. पितळेची कायले?"

दुसऱ्या दिवशी खरंच मातीची पडली.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. नागपूरच्या पोहण्याच्या शर्यतीत पहिल्या येणाऱ्याला रेल्वेत नोकरी लागते, असं उकंडाच्या कानावर आलं. कोकिळाचे वडील भगवानराव म्हणाले, नोकरी लागू दे, मग सोयरिकीचं पाहू. उकंडा गेला आणि निम्म्या टाकीपर्यंत सगळ्यांच्या पुढे होता. पण जन्मभर विहिरीत गोल फेऱ्या मारलेला गडी! अंग आपोआप वळत गेलं, दोरीखालून तो शेजारच्या पट्ट्यात शिरला आणि पंचांनी त्याला बाद केलं. ऐकून कोकिळा आधी खूप हसली, मग तोंड फिरवून रडली.

"मंग सरळ पोहाले शीक," ती म्हणाली.

पुढच्या पावसाळ्यानंतर गढूळ पाणी निवळल्यावर तो नदीच्या लांब डोहात पोहू लागला. डोक्यावर धुण्याचं बोचकं घेऊन ती काठानं चालायची. श्वासाला तोंड बाहेर काढलं की त्याला ती दिसायची, आणि तिच्या चालीला चाल धरून तो सरळ जायचा. पाण्यातून काढलेली ती चोरटी नजर... तिला ती दिवसभर पुरायची.

पण भगवानरावांनी तोवर मलकापूरच्या एका धान्यदुकानदाराला शब्द देऊन टाकला होता. तुळशीचं लग्न झालं की कोकिळाचं. नागपूरची शर्यतही त्याच आठवड्यात. तेवढी होऊ द्या, म्हणून तिनं वडिलांचे पाय धरले. ते म्हणाले, तो एकदा स्वतःचं हसं करून आला, आता शब्द फिरत नाही.

उकंडानं नागपूरचा नादच सोडला. कोणासाठी जाऊ, म्हणाला.

"एवढी चालली मी तुह्यासाठी," ती म्हणाली. "ते फुकट जाऊ देऊ नको."

तो पुन्हा पाण्यात उतरला. पण नागपूरच्या टाकीच्या काठावर आपण नसणार, हे कोकिळाच्या मनातून जाईना. सरावाच्या शेवटच्या दिवशी ती काठावर गेलीच नाही, बाभळीआड बसून राहिली. उकंडानं श्वासाला तोंड काढलं, तिला शोधलं. पुन्हा शोधलं. त्याचे हात चुकले, अंग वळू लागलं... आपल्या तोंडून हाक निघू नये म्हणून तिनं पदर दातांत धरला. मग त्यानं पाण्यात तोंड घातलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तो रेघ ओढल्यासारखा सरळ गेला. हेच तर तिला हवं होतं, आणि तरी तिला वाटलं, आपलं सगळं गेलं.

"कुठी होती तू?" तो धापा टाकत आला.

"इथंच. सरळ गेला ना?"

"हाव..." आणि तेव्हा त्याला कळलं. "पोहाले तेवढं आलं, कोकिळा. बाकी काही येत नाही मले तुह्याबिगर."

"मले तरी कुठी येते?" ती म्हणाली, आणि बोचकं उचलून घराकडे निघाली.

लग्नानंतर महिन्याभरानं भगवानराव मलकापूरला आले. उकंडा पहिला आला, भुसावळला नोकरीवर लागला, असं त्यांनी जावयाला सांगितलं. "काठावर कोनाकडे पाह्यलं बी नाही म्हनते पोरानं," ते म्हणाले.

चांगलं झालं, असं म्हणून कोकिळा पाण्याला गेली. तिनं विहिरीत घागर सोडली आणि ती पडू नये म्हणून दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला.