ठरलं एकदाचं

एका सूक्ष्मदर्शकावर एकाच तासाला दोघांचा हक्क निघाला, म्हणून त्यांची ओळख झाली. ती रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन करणारी, तो शेजारच्या इस्पितळातला डॉक्टर. ती भांडायच्या तयारीनेच आत शिरली होती, पण त्याने तिच्या हातातली काचपट्टी पाहिली आणि हळूच विचारलं, “ही कुणाची?” तिच्याकडे रुग्णाचा फक्त नंबर होता. माणूस कोण, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. तिथेच तिला तो आवडला... म्हणजे अगदीच आवडला.

मग तो काही ना काही निमित्ताने डोकावू लागला.

“या पेशी मोठ्या व्हायलाच तयार नाहीत,” ती सांगायची. “काम शिकायचं नाव नाही, नुसती गर्दी वाढवतात. मी त्यांना मारत नाही, मोठं व्हायला लावते. एखादीने कामाची वाट धरली, की आम्ही म्हणतो — ठरलं हिचं!”

“आणि संशोधकांचं कधी ठरतं?”

“त्यावर अजून औषध निघालेलं नाही, डॉक्टर!”

दूरच्या एका मोठ्या इस्पितळाने त्याला नोकरीसाठी बोलावलं, तेव्हा मात्र तिची थट्टा आटली. शुक्रवारी त्याला उत्तर कळवायचं होतं. थांबा म्हणायचा आपल्याला काय अधिकार, असं स्वतःला बजावत ती गप्प राहिली.

शुक्रवारी तिने काचपट्टी लावली आणि भिंगातून पाहिलं. पेशींची गोलमटोल केंद्रकं आता कप्प्याकप्प्यांची झाली होती, शहाण्यासुरत्या पांढऱ्या पेशींसारखी. तिने लगेच फोन लावला.

“आई, ठरलं गं! एकदाचं ठरलं!”

दारात तो उभा होता. चेहरा साफ उतरलेला.

“अभिनंदन,” तो कसंबसं म्हणाला. “कोण आहेत?”

“सगळ्या नाहीत... पण निम्म्याहून जास्त!”

“निम्म्या—?”

तिने त्याला ओढून सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. तो बराच वेळ पाहत राहिला. मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

“किती सुंदर काम केलंत! आणि मी मूर्ख... आईशी बोलताय म्हणून वाटलं, तुमचं लग्न ठरलं. आता जाऊन तिकडे होकारच कळवणार होतो.”

तिने त्याची बाही धरली.

“नका... जाऊ नका ना,” ती म्हणाली. “मला तुम्ही इथे हवे आहात.”

फोन अजून चालूच होता.

“अगं,” पलीकडून आईचा आवाज आला, “हे ‘नका’ कुणाला?”

त्याने हात पुढे करून फोन मागून घेतला.

“मला,” तो म्हणाला. क्षणभर अडखळला... “मला, आई.”