चुगलखोर नावाडी

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर तिच्या हातातून पाण्याची बाटली निसटली आणि घरंगळत एका उंचापुऱ्या माणसाच्या पायाशी गेली. तो नुसता बघत राहिला.

"उचलून देताय, की मुहूर्त बघताय?"

"वाकायला बंदी आहे," तो ओशाळून म्हणाला. "नाव वल्हवून वल्हवून मणक्यातली चकती सरकलीय. आणि तुम्ही...?"

"वेगवान गोलंदाजी. मणक्याला बारीक तडा. मागे झुकायला बंदी." तणतणत खाली बसून तिनेच बाटली उचलली.

दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या खाटेवर तोच. तिने त्याचं नाव नावाडी ठेवलं. बडबड करून तो तिचा व्यायाम चुकवायचा, वर हसायचा, आणि तिच्या डोक्यात जायचा. एकदा तो उशिरा आला, तर तिचं सारखं दाराकडे लक्ष... स्वतःच्या या वागण्याचा तर तिला भलताच राग आला.

संघाची निवड तोंडावर आली होती. डॉक्टरांनी विचारलं, "दुखतं का अजून?"

"अजिबात नाही," ती गोड हसून म्हणाली. डॉक्टर तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही करणार, तोच शेजारून नावाड्याचा आवाज आला.

"खोटं बोलतायत त्या. आत्ता वरच्या फळीवरची पिशवी काढताना कळवळल्या."

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. सही झाली नाही. निवड हुकली.

तिने त्याला जिन्यात गाठलं. "तुम्हाला कुणी विचारलं होतं? वर्षभर मरमर मेहनत केली मी... आणि तुम्ही एका वाक्यात पाणी फिरवलंत!"

"हेच खोटं मीही बोललो होतो," तो कठड्याला टेकत म्हणाला. "तसाच स्पर्धेत उतरलो. आता वल्हं कायमचं सुटलंय."

हे त्याने कधीच सांगितलं नव्हतं. तिचा आवाज खाली आला, राग मात्र तसाच होता. "मग माझ्या पाठीची एवढी काळजी कशाला?"

"आवडता तुम्ही मला... आणि तुम्हाला चेंडू टाकताना मी अजून एकदाही बघितलं नाहीये."

तिला रडू येत होतं. हा माणूस धड भांडूही देत नव्हता. रागारागातच तिने त्याचा हात धरला आणि जिना उतरायला लागली.

"पुढच्या मोसमात ये बघायला," ती म्हणाली. "तोवर रोज माझ्या शिव्या खायच्या."

"रोज...?" त्याने हात घट्ट धरला.

"एकही दिवस चुकवायचा नाही."