देवाच्या खडकावरचं कालव

पाण्यातला गुन्हेगार पकडायचा कसा? गुन्हा घडला ते पाणी तर केव्हाच समुद्राला मिळालं!

कोळवणे खाडीतले मासे पुराच्या दिवसांत मेले आणि आळ आला स्वरांगीच्या बाबांवर. बाबा होड्या रंगवायचे; तळाला शेवाळ धरू नये म्हणून त्या रंगात तांबं असे. "त्यांच्या रंगातल्या तांब्यानेच मासे मेले," असं खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या, धातूंवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्याच्या मालकाने ठोकून दिलं आणि गावानेही माना डोलावल्या. उद्या खाडी-न्यायपीठ निकाल देणार होतं. होडी रंगवण्याखेरीज बाबांना दुसरं काही येत नव्हतं.

न्यायपीठाने तपासाला टिटवी नावाचा यंत्रमानव धाडला होता. लांब पायांची ही टिटवी चिखलात रुतत नसे, पण प्रश्न विचारून भंडावून सोडी.

"मला म्हातारं कालव हवंय," ती म्हणाली.

खाडीत कालवं काढणाऱ्या स्वरांगीच्या आईला हसू आलं. "म्हातारी कालवां खंयची? वाढली की आमी काढतंव." मग ती थबकली. "देवाच्या खडकावर मात्र असतली. थंय कोण कोयतो लावणा नाय."

ओहोटीला आईने खडकाला हात जोडले आणि एकच कालव काढलं. टिटवीने शिंपली मधोमध कापली. पडद्यावर केसाहून बारीक थर दिसू लागले, दर वर्षाचे वेगळे.

"कालव पाण्यातला चुना घेऊन शिंपलीवर थर चढवतं," टिटवी म्हणाली. "त्या वेळी पाण्यात विरघळलेले धातूही थरात अडकतात. आता त्यांवर लेसर (एकाच रंगाचा प्रखर प्रकाशझोत) सोडते. तापलेला प्रत्येक धातू आपल्या ठरावीक रंगांनी चमकतो. त्या वर्णपटावरून (प्रकाशाच्या सुट्या केलेल्या रंगांवरून) तो ओळखता येतो."

ठिणगी उडाली. स्वरांगी भान हरपून बघत राहिली. ना डोळे, ना कान, जागचं हलताही न येणारा जीव, आणि तिच्या जन्माच्या वर्षीची खाडी त्याने अंगावर जपली होती!

"निकेल! मुलाम्यात वापरतात ते," टिटवी म्हणाली. "दर पुराच्या थरात आहे, यंदा सर्वांत जास्त. कारखान्याच्या वरच्या अंगाची एक शिंपलीही मी आधीच तपासली; तिच्यात मात्र ते नावालाही नाही. पुरात सांडपाणी सोडलं की सगळं धुऊन जाईल, असं मालकाला वाटलं असणार."

तेवढ्यात पडद्यावर एक फिकट रेघ उमटली.

"हे तांबं. मासे मरण्याइतकं नाही, पण आहे."

स्वरांगीने पडद्यावर हात ठेवला. "ही रेघ नको ना दाखवूस!"

"मग बाकीच्या रेघांवर तरी कोण विश्वास ठेवील?"

स्वरांगीने हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी टिटवीने सगळंच दाखवलं. मालकाची मान खाली गेली. बाबा मात्र आपण होऊन उठले. "ब्रश मी खाडयेतच धुतंय. चुकला माझा."

न्यायपीठाच्या अध्यक्षबाईंनी निकाल दिला. सांडपाणी पूर्ण शुद्ध होईपर्यंत कारखान्याला टाळं आणि मालकाने स्वखर्चाने, गावाच्या देखरेखीखाली, खाडीत कालवं आणि मासे पुन्हा वाढवायचे. बाबांचं काम चालू राहील, पण धुण्याचं पाणी खाडीत जाता कामा नये.

संध्याकाळी बाबा अंगणात बादलीत ब्रश बुचकळत होते. त्यांनी हळूच विचारलं, "आजचो थर कसो असतलो गो?"

स्वरांगीने भरतीच्या पाण्याकडे पाहिलं.

"अजून बनताहा, बाबा."