भन्तेंचं वाचायचं राहिलेलं पान

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण माझी मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही. हे घडलं भरदुपारी सव्वातीनला. संग्रहालयाच्या तळघरात, ट्यूबलाइट चालू असताना.

ताडपत्रांवरच्या जुन्या पोथ्या वाचवणं हे मावशीचं काम. तेव्हा हाती होती त्रेसष्ट पानांची एक बौद्ध पोथी. तिची लिपी वाचणारे एकटे म्हातारे बौद्ध भिक्खू, भन्ते, उरले होते. ते वाचत, अर्थ सांगत आणि मावशी रेकॉर्ड करी. बासष्ट पानं झाली.

ताडपत्रावर अक्षरं कोरून त्यांत काजळी भरलेली असते. म्हणून आधी वाचन, मग सफाई. शेवटच्या पानाला मावशीला घाई नडली, वाचनाआधीच तिनं ते सफाईला घेतलं. स्पिरिटचा बोळा जास्त ओला झाला आणि काजळीच पुसली गेली. पान कोरं दिसू लागलं!

"असू द्या, ताई," भन्ते म्हणाले. "कोरलेलं कुठं जातंय? उद्या बोटानं चाचपून वाचतो."

त्याच रात्री भन्ते गेले.

मावशीच्या घशाखाली तीन दिवस घास उतरला नाही. चौथ्या दिवशी पाच वाजता पेट्या सील होऊन लांबच्या गोदामात जाणार होत्या. तिनं दार लावलं, रेकॉर्डर सुरू केला, पानावर बोट टेकवलं आणि ढसाढसा रडली.

"भन्ते, एवढं एकच पान हो..."

पंखा थांबला.

आणि...

समोरच्या रिकाम्या खुर्चीतून कुणीतरी खाकरलं.

वाचण्याआधी भन्ते खाकरत, अगदी तसंच.

मग वाचन सुरू झालं. तोच संथ स्वर. मान वर करायची मावशीची छाती झाली नाही. शेवटची ओळ संपली.

"अर्थ... अर्थ सांगा ना, भन्ते!"



पंखा पुन्हा फिरू लागला.

तिनं रेकॉर्डिंग लावलं. त्यात खाकरणं नव्हतं. भन्तेही नव्हते. न अडखळता वाचत होती ती...

मावशी स्वतः.

तिला त्या लिपीतलं एक अक्षर येत नाही.

संग्रहालयाच्या साहेबांनी ते ऐकलं आणि उखडले. "तुम्हालाच येत होतं, तर त्या म्हाताऱ्याला कशाला दमवलंत? लिहा आता अर्थ!"

पाचला पेटी गेली.

हल्ली मावशी आमच्याकडेच असते. दुपारी डोळा लागला की तिचं बोट चादरीवर सरकू लागतं, ओठ हलतात. आम्ही कानात प्राण आणून ऐकतो. एक शब्द कळत नाही.

मग ती दचकून उठते, माझा हात घट्ट धरते.

"अर्थ सांगितला का गं मी?"