सोबत पाहिजे

"पान मी उलटणार. तुम्ही फक्त वाचायचं, आणि झालं की मान हलवायची. कळलं?"

आमची पहिली भेट ही अशी... दमदाटीची.

मी शब्दकोशाच्या कचेरीतून आले होते. माझ्या वाट्याला 'सोबत' हा शब्द आला होता. जुन्या वर्तमानपत्रांत, मासिकांत तो कसकसा वापरला गेला, ते शोधून टिपून घ्यायचं होतं. पण तिथले कागद इतके जुने, की हात लागला की कडा झडायच्या. म्हणून ग्रंथालयाच्या त्या तळघरात नियमच होता – पानाला हात लावेल तो फक्त राखणदार. आणि राखणदार म्हणजे हा. अंगाने काटकुळा, बोलायला तिरकस, कागदांवर धनावरच्या नागासारखा बसलेला. त्या नियमापायी आम्ही रोज एकाच बाकावर बसायचो, मध्ये वीतभर अंतर ठेवून.

बाहेर पाऊस पिरपिरत असायचा. आत एकच दिवा, आणि ओलीचा वास. घरी बाबा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. आई नाही. लग्नाचं नाव काढायचं नाही, हे माझं मीच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे ते तळघर मला बरं वाटायचं. माझ्याहून उदास अशी ती एकच जागा होती.

"हे बघा," एकदा त्याने एका जुन्या जाहिरातीवर बोट ठेवलं. 'एकट्या बाईस परगावी जावयाचे आहे. सोबत पाहिजे.'

त्याच्याच खाली – 'आजारी वडिलांजवळ रात्री बसण्यास सोबत पाहिजे.'

"किती सरळ मागायचे हो लोक!" मी म्हणाले. "आता हा शब्द उरलाय तो अर्जाच्या शेवटी. 'सोबत कागदपत्रे जोडली आहेत.'"

"म्हणजे कागदांची सोय झाली. अडलंय ते माणसांचं."

मला हसू आलं. मग त्या खालच्या जाहिरातीवर पुन्हा नजर गेली, आणि डोळे भरून आले. त्याने ते पाहिलं.

दिवस जात राहिले. एका दुपारी तो हळूच म्हणाला, "मान हलवायची राहिली."

"वाचतेय अजून."

"काय वाचताय? धान्याचे भाव? या पानावर दुसरं काहीच नाही."

माझे कान तापले. "मग... तुम्ही का नाही उलटलंत?"

"नियम आहे ना." तो दिव्याकडे बघत राहिला. "आणि मला घाई नव्हती."

त्या दिवशी मी घरी कशी पोहोचले, मला आठवत नाही. आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचीच भीती वाटत होती.

शेवटचा गठ्ठा उघडला तेव्हा त्यानेच विषय काढला. "हे तळघर बंद होतंय. कागद दुसऱ्या शहरात चाललेत. त्यांच्याबरोबर मीही. सोमवारी निघायचंय." मग थांबून – "तुम्ही येता का? म्हणजे... माझ्याबरोबर. कायमच्या."

"बाबांना सोडून?"

"त्यांनाही घेऊन येऊ."

"त्यांना कुशीवर वळवायचं तरी शेजारच्या काकूंना हाक मारावी लागते. एवढा प्रवास नाही झेपायचा त्यांना."

"मग मी राहतो इथे."

"आणि खाणार काय, हवा?" मी म्हणाले. "मला तुम्ही आवडता. फार आवडता. म्हणून सांगतेय, जा."

त्याने गठ्ठा पुन्हा बांधायला घेतला. मग म्हणाला, "जायच्या आधी त्यांना एकदा भेटू द्या."

रविवारी तो घरी आला. चपला दारात काढल्या, हात धुतले, आणि मी काही बोलायच्या आत बाबांच्या पाठीखाली हात घातला. आम्ही दोघांनी मिळून त्यांना कुशीवर वळवलं. काकूंना हाक मारावी लागली नाही.

बाबांचे ओठ हलले. शब्द कसाबसा बाहेर आला. "हा... कोण?"

ग्रंथालयातले आहेत, असं सांगता आलं असतं. निदान तेच सांगायचं मी ठरवलं होतं.

"माझा माणूस आहे, बाबा," मी म्हणाले. "उद्या चाललाय."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग धडधाकट होता तो हात सावकाश उचलला आणि त्याची बाही घट्ट धरली. ती सोडवायला आम्हा दोघांपैकी कुणीच पुढे झालं नाही.