सातव्या मजल्याचं दार

दार सोडलं, आणि ते एका माणसाच्या पाठीत बसलं.

माझी चूक नव्हती, आधीच सांगते. जिन्याच्या तोंडाशी ते जाडजूड फायर डोअर असतं ना, आग लागली तर धूर जिन्यात शिरू नये म्हणून बसवलेलं, ते सोडल्याबरोबर आपोआप मिटलं पाहिजे. मिटतंय की नाही हे बघणं हीच माझी नोकरी. मी जिन्यात उभी राहून सातव्या मजल्याचं दार सताड उघडलं, हात काढला, आणि नेमका तेव्हाच हा प्राणी दोन-दोन पायऱ्या चढत आला. “थँक यू हं!” म्हणत आत घुसला. मी त्याच्यासाठी दार धरलंय असं वाटलं त्याला! दाराने त्याला आत ढकललं, त्याच्या पिशवीतले झेंडू लॉबीभर पसरले, आणि मागे लॅच लागला – टक्!

“पास!” मी आनंदाने ओरडलेच.

दाराला एक अरुंद काच असते. त्या काचेत एक चेहरा आला. केसांत झेंडूची पाकळी, आणि डोळे… बाई गं, काय हसरे डोळे होते!

“कोण पास?” त्याने काचेआडून विचारलं. “मी की दार?”

“दार. तुमची परीक्षा अजून घेतलेली नाही.”

हे मी बोलले? अनोळखी माणसाशी? माझे कान गरम झाले.

त्याचं नाव सुयोग. अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्ट इंजिनियर, आणि चिखलोलीच्या ह्या नव्याकोऱ्या सतरा मजली ‘नीलमोहर’ सोसायटीचा सेक्रेटरी. मीटिंगला उशिरा पोहोचला म्हणून सेक्रेटरीपद गळ्यात पडलेलं. मी तेजस्वी, उल्हासनगरची. त्या दिवशी मी पहिल्यांदाच एकटीने आख्खी इमारत तपासत होते. आमचे राजेंद्र सर सकाळी म्हणाले होते, “आज रिपोर्टवर तुझी सही. उद्या काही झालं तर लोक आधी सही कोणाची ते बघतात.” तेव्हापासून मी प्रत्येक दार दोनदा तपासत होते.

झेंडू गोळा करून तो माझ्याबरोबर प्रत्येक मजला फिरला. मी दार आणि चौकटीच्या मधे फट मोजायचं गेज सरकवून बघत होते.

“तीन मिलिमीटरच्या वर फट चालत नाही,” मी म्हटलं.

“आणि माणसांमध्ये?”

“माणसांमध्ये कमीत कमी दोन फूट.”

तो लगेच एक पाऊल मागे सरकला, इतक्या गंभीरपणे की मलाच हसू आलं.

“ही कडेची पट्टी बघा,” मी उगाचच कडक आवाज काढला. “आगीने तापली की फुगते आणि धुराचा रस्ता अडवते.”

“आमची आई. सेम टू सेम.”

सगळं तपासून परत सातव्यावर आलो, तेव्हा लादीवर एक गोल, पांढरट डाग दिसला. काहीतरी जड तिथे रोज ठेवलं जात असावं.

“हे दार कोणी काही टेकवून उघडं ठेवतं का?”

इतका वेळ अखंड बोलणारा सुयोग एकदम पिशवीतल्या झेंडूंकडे बघायला लागला. “नाही… म्हणजे… नाही.”

आणि मी विश्वास ठेवला! डोळे हसरे असले की माणूस खरंच बोलतो, असं कुठल्या नियमात लिहिलंय?

खाली रिक्षात बसताना लक्षात आलं, गेज सातव्यावरच राहिलं. परत आले तर लिफ्टला ही रांग. म्हणून जिना चढले. दिवेलागण झाली होती, मलंगगडाच्या बाजूने गार वारा येत होता. सातव्यावर पोहोचले आणि बघतच राहिले. दार सताड उघडं, आणि त्याला टेकवलेला, उभा केलेला… वरवंटा.

मी तो उचलला, तशी समोरच्या घरातून हातात निरांजन घेऊन एक बाई धावत आली.

“ए बाय, नको बंद करू! दिवे लागायच्या टायमाला दार लावतात काय? त्यात मार्गशीर्षातला गुरवार. लक्ष्मी कशी येल?”

“लिफ्ट आहे ना, काकू.”

“लक्ष्मी लिफ्टनी येत नाय. पायऱ्यांनी येते.” त्यांचा आवाज जरा हळवा झाला. “हितंच आमचं भाताचं खाचर होतं. तवा बांधावरनं यायची. आता निदान जिना तरी उगडा ठेवते.”

तेवढ्यात त्यांच्या मागून सुयोग आला. ह्या काकू, गोजरबाई, म्हणजे त्याची आई! माझा पारा असा चढला…

“तुम्ही मला खोटं सांगितलंत.”

“हो,” तो म्हणाला.

“मी नववीत असताना आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मीटरबॉक्स पेटला होता. आग एवढीशी! पण मधे दारच नव्हतं, सगळा धूर चौथ्या मजल्यापर्यंत आला. माझे पप्पा अजून चार पायऱ्या चढले तरी खोकतात. आणि तुमच्याकडे दार आहे, तर तुम्ही त्याला वरवंटा लावता?” बोलता बोलता माझा आवाज फाटला.

आता हा म्हणणार, ‘मॅडम, जरा ॲडजस्ट करा ना.’ सगळेच म्हणतात. म्हणू नकोस रे, मी मनात धावा करत होते, प्लीज म्हणू नकोस…

“नापास लिहा,” सुयोग म्हणाला. त्याने माझ्याकडचं पेन घेतलं आणि रिपोर्टखाली सेक्रेटरी म्हणून सही केली. “पुढच्या गुरुवारी परत या. दार बंद असेल. आणि आईलाही दुखवणार नाही.”

“ते कसं काय जमवणार?”

“अजून माहीत नाही.”

गेज घेऊन सात मजले उतरताना मी रागात होते की आनंदात, मला खरंच सांगता येणार नाही. एवढं मात्र कळत होतं – पुढच्या गुरुवारी वरवंटा तिथेच दिसला, तर दाराबरोबर तो माणूसही नापास होणार होता. आणि ते मला अजिबात नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज पावणेसातला त्याचा मेसेज यायला लागला. ‘दार बंद. – सुयोग.’ बस्स, एवढंच. मी उत्तर द्यायचे, ‘नोंद घेतली.’ मग त्याचे ते दोन शब्द मी किती वेळा वाचायचे, ते विचारू नका.

गुरुवारी सर म्हणाले, सकाळी जाऊन ये. मी म्हटलं, नाही, संध्याकाळी जाते, न कळवता. लिफ्ट रिकामी होती, तरी जिन्यानेच निघाले. पाचव्या मजल्यावर छाती धडधडायला लागली, पायऱ्यांमुळे नव्हे. सहाव्यावर धुपाचा वास आला. सातव्याचं वळण घेतलं आणि…

दार सताड उघडं होतं.

रोजचे ते मेसेज, ते सगळं खोटं? मी खाली बघितलं. वरवंटा नव्हता. तिथे बूट होते, कंपनीचे. त्यांत सुयोग उभा होता, दाराला पाठ लावून.

“हे… काय आहे?”

“वरवंट्याच्या जागी मी,” तो म्हणाला. “रोज सहा ते साडेसहा. मग सोडतो, ते आपलं आपण मिटतं. धूर आला तर वरवंटा हलत नाही, मी हलतो. नियमात बसतं का बघा.”

नियमात दगड चालत नाही, दोरी चालत नाही, पाचर चालत नाही. माणसाबद्दल कोणी काही लिहिलेलंच नाही!

“रोज? आणि तुमची शिफ्ट?”

“पहिली मागून घेतली. पहाटे पाचला उठतोय. आज सातवा दिवस.”

मला रडूच येईल असं वाटलं. इतका आनंद झाला होता.

गोजरबाई निरांजन घेऊन बाहेर आल्या आणि मला बघून थबकल्या. “तू तीच ना गं? वरवंटा उचलनारी?”

“हो काकू.” मला धाप लागली होती. “पायऱ्यांनी आले.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग लेकाकडे. मग पुन्हा माझ्याकडे. “थांब हितंच. हळदकुंकू आनते,” म्हणून लगबगीने आत गेल्या.

“टेस्ट घ्यायची आहे,” मी म्हटलं. “दार सोडा.”

“सोडलं तर तुम्ही बाहेर राहाल.”

“मग आधी मला आत येऊ दे… तू.”

तो ‘तू’ त्याला ऐकू गेला. डोळे असे काही हसले! मी त्याच्या अगदी जवळून आत शिरले. दोन फुटांचा नियम माझा, तो मीच मोडला. तो बाजूला झाला. दार सावकाश आलं आणि लॅच लागला. टक्!

“पास,” मी हळूच म्हटलं.

“कोण? मी की दार?”

“दोघंही. पण दाराला तपासायला सहा महिन्यांनी यायचं असतं.”

“आणि मला?”

“तुला रोज. सहा ते साडेसहा.”

त्याने माझा हात धरला तेव्हा माझ्या पिशवीतून गेज खाली पडलं. कोणीच उचललं नाही.

गोजरबाई तबक घेऊन आल्या. दार मिटलेलं होतं आणि अजून साडेसहा वाजले नव्हते. सुयोग घाईघाईने ते उघडायला वळला. त्यांनी त्याला थांबवलं, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, “राहू दे मिटलेलं. आता कशाला उगडं ठेवायचं? आली की!”